मास्तरांच्या काठीचं नवं रबर

१

मास्तरांच्या मुलाने काठी टेबलावर आडवी ठेवली, तेव्हा काठीवाले एका छत्रीची मोडकी काडी तारेने सांधत होते. हातातली पक्कड हातातच राहिली.

"ओळखलीत?" मुलाने विचारलं.

न ओळखायला काय झालं! काठ्या आणि छत्र्या दुरुस्त करण्यात त्यांची चाळीस वर्षं गेली होती. माणसाचा चेहरा ते एकवेळ विसरत, काठीची मूठ कधी विसरत नसत. ही काठी गणिताच्या मास्तरांची होती. मूठ अंगठ्यापाशी दबलेली, आणि तिच्याखाली मास्तरांनी स्वतः ब्लेडने कोरलेल्या इंचाच्या खुणा. "टेबल मोजायला टेप कुठे शोधत बसू?" असं ते म्हणत.

मास्तर शुक्रवारी सकाळी जिन्यावरून पडले, आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपले होते. शेवटच्या निरोपाला काठीवाले गेले होते, पण सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून उभे राहिले. नजर वर करायची छाती झाली नाही. आज मंगळवार. चार दिवस ते दुकानात बसून दाराकडे बघत होते, आणि ज्याची धास्ती घेतली होती ते आज समोर उभं होतं.

"खालचं टोक बघा," मुलगा म्हणाला. "रबर आहे?"

नव्हतं. नुसतं उघडं लाकूड.

"मागच्या मंगळवारी बाबा काठी तुमच्याकडून घेऊन गेले. घरी येऊन म्हणाले, काठीवाल्यांनी नवं रबर बसवलंय. शुक्रवारी गुळगुळीत दगडी जिन्यावर हे लाकूड सटकलं. तीन दिवस, काका! तीन दिवस टिकलं तुमचं काम!" त्याने खिशातून रुमाल काढला, त्यातून रबराचं एक काळं बूच काढून काठीशेजारी ठेवलं. "हे त्यांच्या खिशात होतं. निघालं, म्हणून खिशात टाकलं असणार. मी उद्या पोलिसांत अर्ज देणार आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर तोवर सांगा."

"पावणेनऊला निघाले होते ना ते?" काठीवाल्यांनी कसंबसं विचारलं. "कुठे?"

"कुणाला सांगितलं असेल तर शपथ! आता तेवढंच विचारा. जणू कुठे निघाले होते त्यावरच सगळं अडलंय."

तो गेला. काठीवाल्यांनी रबर उचललं, अंगठ्याने दाबलं आणि खाली ठेवलं.

मुलाची चूक होत होती. हे रबर दगडासारखं घट्ट होतं आणि एका बाजूला तिरकं झिजलेलं होतं. हे त्यांनी बसवलेलं नव्हतं. हे त्यांनी काढलेलं होतं.

मग नवं कुठे गेलं?

२

काठीवाल्यांच्या वडिलांनी धंदा शिकवताना दोन नियम सांगितले होते. गिऱ्हाइकाने सांगितलं तेवढंच करायचं. आणि त्याच्या वस्तूतून जे काढलं, ते त्याला परत द्यायचं. दुसरा नियम त्यांनी पाळला होता. जुनं रबर कागदात बांधून मास्तरांच्या हातात दिलं होतं.

पहिला मात्र मोडला होता. मास्तर आले होते ते हलणारी मूठ घट्ट करून घ्यायला. रबराबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

"हे कुणी सांगितलं होतं हो?" मास्तरांनी काठी दोनदा जमिनीवर आपटून विचारलं होतं. "काठीला मोजे घातल्यासारखं वाटतंय."

"आमच्याकडून, मास्तर," असं म्हणून काठीवाले ओशाळं हसले होते. 

आणि मनातला दुसरा भुंगा त्याहून वाईट होता. रबर बसवताना आत चिकटवायचं सोल्यूशन लावलं होतं का? लावलं असणारच. पण त्या दुपारी एक बाई छत्रीच्या रंगावरून हुज्जत घालत होती, आणि त्या हुज्जतीत हात काय करत होते ते डोक्याला आठवेना. चार रात्री त्यांनी मनातल्या मनात ती ट्यूब उघडली होती. चारही रात्री ती कधी ओली निघाली, कधी कोरडी.

आता त्यांनी दिवा जवळ ओढला, भिंग डोळ्याला लावलं आणि टोक तपासायला घेतलं.

लाकडावर काळ्या रबराचे कण घट्ट चिकटलेले होते. नखाने निघेनात. म्हणजे सोल्यूशन लावलं होतं, भरपूर लावलं होतं! काठीवाल्यांच्या छातीवरचा दगड उतरला, आणि पुढच्याच क्षणी त्यांना स्वतःची शरम वाटली. एक माणूस मेला, आणि आपण आपल्या ट्यूबची खुशाली बघून सुस्कारा सोडतोय!

रबर गळून पडलेलं नव्हतं. कुणीतरी ते ओरबाडून काढलं होतं. टोकाभोवती टोचल्याच्या बारीक बारीक खुणा होत्या, एका ओळीत, सारख्या अंतरावर, टाके घातल्यासारख्या. आणि उघडं लाकूड फारसं झिजलेलं नव्हतं. अशा लाकडावर माणूस दगडी फरशीवरून फार तर एखादी संध्याकाळ चालला असेल. म्हणजे रबर गुरुवारी निघालं.

एवढं बारीक, टोकदार हत्यार कुणाकडे असतं? घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे. आणि मास्तरांच्या बरोबर खालच्या खोलीत घड्याळजी राहत होता.

काठीवाल्यांनी भिंग खाली ठेवलं. कारण ते नवं, मऊ, जाड रबर बसवायला त्यांना सांगितलं होतं घड्याळजीनेच.

३

"तू सांगितलंस त्यांना?" घड्याळजीने दार उघडताक्षणी विचारलं. डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलेलं, दाढी वाढलेली.

"अजून नाही."

"मग बस. आणि हळू बोल. वर ऐकू जातं."

दोघे लहानपणापासूनचे मित्र. काठीवाल्यांचं कोणी ऐकत नसे आणि घड्याळजी कोणाशी बोलत नसे, म्हणून दोघांचं बरं जमायचं. पंधरा दिवसांपूर्वी याच स्टुलावर बसून घड्याळजीने गाऱ्हाणं सांगितलं होतं. डोक्यावर दिवसभर ठक ठक. घड्याळ कानाला लावावं तर त्याचा ठोका कुठला आणि काठीचा कुठला, कळेना. काठीला असं काही बसव, की आवाजच येणार नाही. पण मास्तरांना सांगू नको. त्यांनी मला भागाकार शिकवलाय, त्यांना कुठल्या तोंडाने सांगू, की तुम्ही चालू नका?

काठीवाल्यांना कधी कुणाला नाही म्हणता आलं नव्हतं. तेव्हाही आलं नाही.

"रबर कुणीतरी काढलंय," काठीवाले म्हणाले. "टोकदार हत्याराने."

घड्याळजीने पेचकसांची पेटी उघडून समोर ढकलली. "घे, बघ. पण डोकं गहाण टाकलंयस का? ज्याने रबर बसवायला लावलं तो ते काढायला वर जाईल?"

काठीवाल्यांनी एकेक पेचकस उजेडात धरला. सगळ्यांची टोकं चपटी. चपट्या टोकाने चीर पडते. काठीवरची प्रत्येक खूण गोल होती, टिंबासारखी, आणि टिंबापासून खाली ओढल्याची एक रेघ. जणू रबरात काही रुतवून मग खेचलं होतं.

"तुझी नाहीत," ते म्हणाले.

"मोठे उपकार झाले." घड्याळजीचा आवाज फाटला. "अरे, दोन दिवस असं शांत होतं, की मी सात घड्याळं मार्गी लावली. गुरुवारी संध्याकाळी पुन्हा सुरू! तेही पूर्वीपेक्षा दुप्पट. नुसतं लाकूड, खण्ण खण्ण. इकडून तिकडे, तिकडून इकडे, तासभर थांबायचं नावच नाही. मुद्दाम चालल्यासारखे. मग मी..."

"मग तू काय?"

"पडद्याचा दांडा काढला आणि छताला ठोकला. तीनदा." त्याने कपाळावरचं भिंग काढून मुठीत घट्ट धरलं. "चालणं तिथल्या तिथे थांबलं. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना उलट बोललो, ते असं. आणि सकाळी ते गेले."

४

काठी बगलेत धरून जिना चढताना काठीवाल्यांनी कठड्याला हात लावला. कठडा गदगदा हलला. वरच्या खिळ्याच्या जागी सुतळी बांधलेली होती.

दार सुनेने उघडलं. ती कपडे वाळत घालत होती. छताजवळ टांगलेल्या बांबूवर ती एका लांब वेळूने चादर सरकवत होती.

"या काका. हे ऑफिसातून यायचेत. तुमच्यावर फार चिडलेत."

"चिडायलाच हवं," काठीवाले म्हणाले आणि दाराशीच थांबले. मग जो प्रश्न दुकानात ते प्रत्येक काठीला मनातल्या मनात विचारत, तोच त्यांनी सुनेला विचारला. "मास्तरांची काठी घरात आणखी कोण कशाला वापरायचं?"

"कोण नाही ते विचारा!" सून हसली आणि हसल्याचं लक्षात येऊन गप्प झाली. "हे तिने माळ्यावरची बॅग ओढायचे. बाबा पलंगावरून पंख्याचं बटण दाबायचे, पलंगाखालची चप्पल काढायचे, खिडकीला टेकू लावायचे. पेपरवाला उशिरा आला तर तिने त्याला दम द्यायचे. मी कपडे सरकवायचे. पण तुम्ही ते काळं रबर लावलंत आणि माझ्या पांढऱ्या चादरीवर हे एवढाले डाग! तेव्हापासून हा वेळू आणलाय."

"मग राग आला असेल. काढून टाकावंसं वाटलं असेल."

"वाटलं की! पण काढलं असतं तर स्वयंपाकघरातली सुरी घेऊन एका झटक्यात. आणि बाबांना सांगून." ती सरळ त्यांच्याकडे बघत होती. "गुरुवारी दुपारी मी घरी नव्हतेच. बहिणीकडे गेले होते. बाबा जेवून झोपले होते, आई होत्या त्यांच्याजवळ."

सुरीच्या झटक्याने एक लांब काप पडला असता. टाके पडले नसते. काठीवाल्यांनी मान हलवली.

आतल्या खोलीत मास्तरीणबाई खिडकीशी बसल्या होत्या. बारा वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून हातात क्रोशाची सुई आणि मांडीवर पांढरी लेस. सुई सरसर चालत होती. डाव्या मनगटावर पट्टी होती.

"काठीवाले ना?" त्या म्हणाल्या. "चपला दाराशी काढून अर्धा मिनिट उभे राहिलात. दुसरं कोण असणार!"

"हाताला काय झालं, वहिनी?"

"भाजलं. बुधवारी. चहा ओतत होते, आणि हे अगदी कानाशी बोलले. कधी येऊन उभे राहिले, कळलंच नाही. दचकले."

"काठी तुम्ही कधी कशाला वापरायचात?"

सुई थांबली. "मी? मी कशाला हात लावू तिला."

"बघा ना काका," सून दारातून हळूच म्हणाली, "आईंची लेस कधी मळत नव्हती. चार दिवसांपासून धुऊन दिली तरी पुन्हा काळी."

काठीवाल्यांनी लेसकडे बघितलं. शुभ्र धाग्यावर बोटांचे करडे ठसे होते. मग त्यांनी बोटांकडे बघितलं. उजव्या हाताच्या नखांत काळी, चिकट किनार होती. पाण्याने निघत नाही ती. ही किनार त्यांच्या स्वतःच्या नखांत चाळीस वर्षं होती.

बाईंना ती दिसणं शक्यच नव्हतं.

५

"सूनबाई, जरा पाणी देता?" काठीवाले म्हणाले. ती गेली. त्यांनी स्टूल पुढे ओढलं. पाणी खरोखरच हवं होतं.

एकेक गोष्ट आता जागेवर बसत होती, आणि बसू नये असं वाटत होतं. मऊ रबर लागलं तसे मास्तर घरात मुके झाले. बारा वर्षं ज्या आवाजावरून बाईंना नवरा कुठे आहे ते कळत होतं, तो आवाज एका दिवसात गेला. नवरा घरातच होता, पण बाईंपुरता दिसेनासा झाला होता. काठी घरात सगळ्यांनी सतरा कामांना वापरली, आणि जिने तिला कधी हात लावला नाही, तिनेच ती सगळ्यांत जास्त वापरली होती.

हे मुलाला सांगायचं? तुझ्या आईने रबर काढलं म्हणून तुझा बाप पडला, असं? त्यापेक्षा ट्यूब कोरडी होती म्हणावं. आपलं काय, दुकान जाईल. वहिनींना तरी...

"वहिनी," ते म्हणाले, "मी सांगायला आलोय, की माझ्याकडून सोल्यूशन लावायचं राहिलं. रबर आपोआप..."

"खोटं बोलू नका हो. तुम्हाला जमत नाही." बाईंनी धाग्याच्या पिशवीत हात घातला आणि काढून पुढे केला. तळहातावर नव्या रबराचे कुरतडलेले, चोळामोळा झालेले तुकडे होते. "तुमचा गोंद फार चांगला होता. या सुईने उकरण्यात माझी सगळी दुपार गेली."



"मी ह्यांना विचारलं नाही," बाई सांगू लागल्या. "विचारलं असतं तर म्हणाले असते, तू दचकतेस एवढ्यासाठी का काठी बिघडवायची? मला सांगायची लाज वाटली, की मला एकटं वाटतं. झोपले होते, तेवढ्यात काढलं. संध्याकाळी उठले, पहिलं पाऊल टाकलं. ठक्क. थांबले. मला वाटलं आता रागावणार. पण एक शब्द बोलले नाहीत. नुसते चालत राहिले. या खोलीतून त्या खोलीत, पुन्हा इकडे. काही काम नसताना. मला ऐकू यावं म्हणून." त्यांचा आवाज अजूनही स्थिर होता. "मग खालून कुणीतरी ठोकलं. सकाळी मी विचारलं, कुठे निघालात? म्हणाले, येतो तासाभरात. जिना उतरल्याचं ऐकत होते मी. सहा पायऱ्या ऐकल्या."

काठीवाल्यांनी खिशातून जुनं, घट्ट रबर काढून त्यांच्या हातात ठेवलं. बाईंनी ते बोटांनी चाचपलं, तिरकी झीज ओळखली.

"हे त्यांच्या खिशात होतं," काठीवाले म्हणाले. "माझं दुकान नऊला उघडतं, आणि माझ्याकडे यायला त्यांना पंधरा मिनिटं लागायची. ते हे परत बसवून घ्यायला येत होते, वहिनी. याने खाली कमी ऐकू गेलं असतं, आणि तुम्हाला पुरेसं. त्यांना सगळं कळलं होतं. कोणी काढलं, का काढलं, आणि खाली कोणाला त्रास होतो, तेही."

बाईंनी रबर मुठीत मिटलं. सुई मांडीवरून घरंगळून खाली पडली, ती त्यांनी शोधली नाही.

"आणि ते मऊ रबर मास्तरांनी मागितलंच नव्हतं," काठीवाले पुढे म्हणाले, कारण आता थांबलो तर पुन्हा कधी बोलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. "मी न विचारता बसवलं. दुसऱ्याच्या सांगण्यावरून. सुरुवात माझी आहे."

"कोणाच्या सांगण्यावरून?" दारातून प्रश्न आला.

मुलगा उभा होता. किती वेळ, कोण जाणे.

६

"माझ्या," मुलाच्या मागून आवाज आला. घड्याळजी जिना चढून आला होता. वर ऐकू जात होतं तसंच खालीही जात असणार. "मीच सांगितलं होतं. आणि छताला ठोकलं तेही मीच."

मुलगा एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघू लागला. हातात ऑफिसची पिशवी, तिच्यात बहुधा अर्ज. "म्हणजे... कोणाचं नाव लिहू मी?"

"माझं लिही," बाई म्हणाल्या. "रबर मी काढलंय."

"आई!"

"ओरडू नको. मला दिसत नाही, ऐकू येतं."

मुलगा दाराच्या चौकटीला टेकला. मग खालमानेने, जणू दुसऱ्याच कुणाबद्दल बोलत असल्यासारखा म्हणाला, "कठड्याचा खिळा दोन महिने निघालाय. मी सुतळी बांधली होती. म्हटलं, रविवारी करू."

सून पाण्याचा पेला घेऊन मधोमध उभी राहिली होती. कोणाला द्यावा ते तिला कळेना.

"ह्यांना असली गणितं आवडायची," मास्तरीणबाई म्हणाल्या. "इतक्या जणांत वाटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडंच यायला हवं. पण इथे ज्याला त्याला अख्खंच येतंय. असा कसला भागाकार, ते विचारायला हवं होतं."

घड्याळजीने तोंड फिरवलं.

बाईंनी मूठ उघडून जुनं रबर पुढे केलं. "काठीवाले, काठी आणलीय?"

"आणलीय. बाहेर ठेवलीय."

"मग हे बसवा. त्यांचं तेवढं काम राहिलंय."

काठीवाले जमिनीवर बसले. टोक पॉलिश कागदाने घासून साफ करायला हवं होतं, पण त्या टाक्यांसारख्या खुणा घासून टाकायला हात होईना. तशाच ठेवल्या. खिशातली ट्यूब काढली. या वेळी डोळ्यांनी नीट बघून सोल्यूशन लावलं, दोनदा लावलं, आणि रबर तळहाताने दाबून धरलं. ते वाळेपर्यंत हात काढला नाही.

"झालं," ते म्हणाले आणि काठी बाईंच्या हाताला लावली.

बाईंनी ती घेतली नाही. "मला नको. तुम्ही चाला जरा. या दारापासून खिडकीपर्यंत."

"मी?"

"मुलाला जमणार नाही, त्याला घाई असते. तुम्ही चाला."

काठीवाले उभे राहिले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या काठ्या हातात धरल्या होत्या, टेकून कधी चालले नव्हते. सगळ्यांच्या नजरा अंगावर घेत, कानापर्यंत लाल होत ते दारापासून निघाले. ठक. पाऊल. ठक. खिडकीपाशी वळले आणि परत आले.

बाई मान किंचित कलती करून ऐकत होत्या. काठीवाले दुसऱ्यांदा गेले, तिसऱ्यांदा गेले. कोणी थांब म्हणेना, म्हणून जातच राहिले.

"पुरे," शेवटी त्या म्हणाल्या. "आवाज तोच आहे. चाल त्यांची नाही."

काठीवाल्यांनी काठी कोपऱ्यात नेली आणि भिंतीला लावून ठेवली, मूठ बाईंच्या दिशेला करून.